सुनावणी

दिल्लीहून समितीचं पत्र आलं.
विषय: यंत्रमागांचा आवाज व कामगारांची श्रवणशक्ती.
मजकूर दोन पानांत. भाषा सोपी. आकडे बेतानं.

एकोणीस महिने मी पूर्व भागातल्या शेडांतून
डेसिबल मोजत हिंडले होते.
दोनशे अकरा जणांच्या कानांत एकेक सूर सोडून
म्हणाले होते, ऐकू आला की बोट वर करा.
बरीच बोटं मांडीवरच राहिली.
हे दोन पानांत?
रात्रभर वाक्यं कातरत बसले.
‘बहुधा’ काढलं तर खोटं होतं,
ठेवलं तर कुणी पुढे वाचत नाही.
मग आठवलं, टर्किश टॉवेलात एक ताणा
मुद्दाम सैल सोडतात,
म्हणून तर तो पाणी टिपतो.
‘बहुधा’ ठेवलं.

कचेरीमागचा हॉल. बाहेर त्रेचाळीस अंश.
पाच खासदार, काजू, पाण्याच्या बाटल्या,
आणि शेवटच्या खुर्चीत शिलाँगकडची
एक तरुण संशोधन अधिकारी,
माझ्या तळटिपांखाली पेन्सिलीच्या रेघा मारून आलेली.
(तळटिपा वाचणारं कुणी असतं
हे मला त्या दिवशी कळलं.)

एकानं विचारलं, वयानं होतंच ना हे?
एकानं विचारलं, कापूस घातला तर?
मालकांच्या वतीनं कोडम उठले.
म्हणाले, गिरणीचा भोंगा थांबला तेव्हा
या गावानं शांतता ऐकलीय, साहेब.
आमच्या घरात दोन महिने चूल जपून पेटायची.
ते खोटं बोलत नव्हते.
माझ्याकडे त्याचं कोष्टक नव्हतं.

मग राजमल्लू चिलवेरींना बोलावलं.
अध्यक्षांनी माइक तोंडाशी धरून नाव विचारलं.
राजमल्लू बघत राहिले.
पुन्हा विचारलं, जरा मोठ्यानं.
‘माइक बाजूला घ्या की साहेब,
तोंड दिसंना.’

माइक खाली आला
आणि मागच्या रांगांना काही ऐकू येईना.
माना पुढे झाल्या, तळवे कानांमागे गेले.
पंख्यांच्या घरघरीत
सगळा हॉल बहिरा, एक माणूस सोडून.

‘मघाशी शेजारच्या साहेबांना म्हणालात,
सहाची गाडी चुकंल. बरोबर हाय.
मी थोडक्यात सांगतो.’

कुणीतरी खोकलं.
लघुलेखिकेची पेन्सिल थांबली.

‘शेडात आम्ही ओठांवर बोलतो, बत्तीस वर्षं झाली.
प दिसतो, ब दिसतो, म दिसतो.
त दिसत न्हाई.
आमच्यात आजोबाला ताता म्हणतात.
नात म्हणाली ताता, बायको हसली, सगळे हसले.
मी म्हटलं, पोरगी जांभई देतीय.
आता तिला बाबा म्हणाय शिकवलंय.
तिचा बाप चिडतो.
एवढंच.’

माझ्या दोन पानांत हे नव्हतं.
दोनशे अकरा कान तपासले,
त ची गोष्ट कुणालाच विचारली नव्हती.

सात महिन्यांनी अहवाल आला, निळ्या पुठ्ठ्यात.
शिफारस: अधिक अभ्यास व्हावा.
माझं ‘बहुधा’ तिथं वाढून तीन ठिकाणी बसलं होतं.
पण पान एक्केचाळीसवर, बारीक टायपात,
पेन्सिलवालीनं ते टाकलं होतं:
एका साक्षीदाराच्या मते
काही व्यंजनं ओठांवर दिसत नाहीत.

अहवाल घेऊन गेले. शेड चालू होती.
राजमल्लूंनी ती ओळ बोटाखाली धरून
दोनदा वाचली, मग विचारलं,
‘आता फुडं काय?’

धूळ होती, तंतू उडत होते.
मी तोंडावर पदर धरून
सांगायला लागले, पुढचा टप्पा, पुढची समिती, निधी,

‘पदर काढा, बाई,’ ते म्हणाले.